मायक्रोआरएनए आणि रक्तवाहिनीतील स्मूथ मसल पेशी: नव्या अभ्यासकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रक्तवाहिन्यांच्या जीवशास्त्राकडे नव्याने वळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अमुक मायक्रोआरएनए स्मूथ मसल पेशींची वाढ रोखतो’ किंवा ‘तमुक मायक्रोआरएनए ती वाढवतो’ अशा शीर्षकांचे शोधनिबंध ढिगाने सापडतात, आणि त्यांतले कितीतरी एकमेकांशी जुळत नाहीत. हा विसंवाद पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या संदेशांना दाबून प्रथिनांचे प्रमाण कमी करणारा इवलासा आरएनए, कोणत्या पेशीत आहे, ती पेशी कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या रेणूचे प्रमाण किती आहे, यांवर त्याचा परिणाम ठरतो. म्हणून ‘हा रेणू काय करतो?’ या प्रश्नाआधी ‘कुठे, केव्हा आणि किती?’ हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. पुढील पायऱ्यांचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे. आधी वाचनाच्या पायऱ्या आहेत आणि नंतर प्रयोगाच्या.

पायरी १: आधी पेशी समजून घ्या

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. रक्ताला लागून असतो तो अंतःस्तर पेशींचा एकपदरी थर. त्याबाहेर स्मूथ मसल पेशी आणि इलॅस्टिनचे पापुद्रे यांचा मधला थर. आणि सर्वांत बाहेर संयोजी ऊतीचे आवरण. शाळेत आपण ज्यांना अपट्टकी स्नायू म्हणून शिकलो, त्या गटातील पेशी या मधल्या थरात असतात. त्यांच्या आकुंचन-प्रसरणावर रक्तवाहिनीचा व्यास आणि पर्यायाने रक्तदाब अवलंबून असतो.

निरोगी प्रौढ रोहिणीत ही पेशी आकुंचनशील अवस्थेत असते. ती लांबट असते, क्वचितच विभागते आणि आकुंचनाला लागणाऱ्या प्रथिनांनी भरलेली असते. यांपैकी चार नावे पाठच करून ठेवावीत, कारण ती सर्वत्र भेटतात: स्मूथ मसल अल्फा-अ‍ॅक्टिन, एसएम२२-अल्फा, कॅल्पोनिन आणि एमवायएच११ या जनुकापासून बनणारी स्मूथ मसल मायोसिन हेवी चेन. यांतले पहिले प्रथिन जखम भरून काढणाऱ्या मायोफायब्रोब्लास्ट पेशींतही दिसते. शेवटचे मात्र बऱ्याच अंशी स्मूथ मसलपुरतेच मर्यादित आहे. त्यामुळे केवळ अल्फा-अ‍ॅक्टिनचे प्रमाण वाढलेले दाखवून ‘पेशी आकुंचनशील झाली’ असे कुणी म्हटले असेल, तर ते विधान पुरेशा पुराव्यावर उभे नाही असे समजावे.

हृदयाच्या स्नायुपेशीची अवस्था प्रौढपणी जवळजवळ कायमची ठरून गेलेली असते. स्मूथ मसल पेशीचे तसे नाही. फुग्याने रोहिणी रुंद करताना किंवा स्टेंट बसवताना भिंतीला इजा झाली, की या पेशी आकुंचनाची प्रथिने कमी करतात, विभागू लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि कोलॅजेनसारखे पेशीबाह्य पदार्थ मोठ्या प्रमाणात तयार करतात. या पालटलेल्या अवस्थेला संश्लेषणशील अवस्था म्हणतात. इजा भरून काढण्यासाठी हा पालट आवश्यकच असतो, पण तो मर्यादेबाहेर गेला की रोहिणीच्या आत नवा जाड थर तयार होतो आणि रुंद केलेली वाहिनी पुन्हा अरुंद होते. रोहिणीकाठिण्य, बायपासमध्ये जोडलेल्या शिरेचे अरुंद होणे आणि फुप्फुसीय उच्च रक्तदाब या विकारांतही हाच पालट कमीअधिक प्रमाणात दिसतो.

या पालटामागची ओढाताण थोडक्यात अशी आहे. सीरम रिस्पॉन्स फॅक्टर हे प्रथिन मायोकार्डिन या सहकाऱ्यासह आकुंचनाच्या जनुकांपुढील ‘कार्ग बॉक्स’ या छोट्या क्रमावर बसते आणि ती जनुके चालू ठेवते. केएलएफ४ आणि ईएलके१ ही प्रथिने त्यात अडथळा आणतात. बाहेरून येणाऱ्या संकेतांपैकी पीडीजीएफ-बीबी पेशीला संश्लेषणशील अवस्थेकडे ढकलते, तर टीजीएफ-बीटा साधारणपणे आकुंचनशील अवस्थेकडे नेते. मायक्रोआरएनए या ओढाताणीच्या मधोमध काम करतात. एक गोष्ट मात्र आताच लक्षात घ्यावी, की ‘आकुंचनशील’ आणि ‘संश्लेषणशील’ ही दोनच खाती पुरत नाहीत. उंदरांत स्मूथ मसल पेशींना कायमची खूण करून त्यांचा माग काढणाऱ्या अभ्यासांत असे दिसले, की रोहिणीकाठिण्याच्या थरातील अनेक पेशी मुळात स्मूथ मसलच्या असूनही अल्फा-अ‍ॅक्टिन गमावून बसलेल्या असतात, आणि त्यांतल्या काहींवर भक्षकपेशींच्या खुणा दिसतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात केवळ स्मूथ मसल पेशींतून केएलएफ४ काढून टाकल्यावर हे थर आकाराने लहान झाले.

पायरी २: मायक्रोआरएनए कसा बनतो हे एकदा नीट वाचा

हा भाग पाठ्यपुस्तकांत चांगला मिळतो, म्हणून येथे तो आटोपता ठेवतो. १९९३ साली सी. एलिगन्स या सूत्रकृमीत व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेला लिन-४ हा इवलासा आरएनए सापडला, आणि तो लिन-१४ या जनुकाच्या संदेशावर कसा काम करतो हे गॅरी रवकुन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. या दोघांना २०२४ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मायक्रोआरएनएचे जनुक वाचून आधी लांब आरएनए तयार होतो. केंद्रकातील ड्रोशा आणि डीजीसीआर८ ही जोडी त्यातून सुमारे ६० ते ७० न्यूक्लिओटाइडांची, स्वतःवरच दुमडलेली गाठ कापून काढते. एक्स्पोर्टिन-५ ती पेशीद्रव्यात आणते, डायसर हे विकर तिचा सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा दुपदरी तुकडा करते आणि त्यातला एक पदर आर्गोनॉट प्रथिनात बसतो.

पुढचे काम प्रामुख्याने त्या पदराच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवर चालते. या भागाला सीड म्हणतात. संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील, प्रथिन न बनवणाऱ्या भागात या सीडला पूरक क्रम असेल, तर आर्गोनॉट तेथे बसतो. मग त्या संदेशाच्या टोकाची ‘ए’ अक्षरांची शेपटी छाटली जाते, संदेश अस्थिर होतो आणि त्यापासून प्रथिन बनणे कमी होते. हे एका उदाहरणावर स्वतः करून पाहावे. मिर-१४५ चा (‘मिर’ हे मायक्रोआरएनएचे संक्षिप्त नाव) सीड ‘यूसीसीएजीयूयू’ असा आहे. तो उलट क्रमाने मांडून प्रत्येक अक्षराचा जोडीदार लिहिला की ‘एएसीयूजीजीए’ मिळतो. केएलएफ४ च्या संदेशाचा शेवटचा भाग जनुककोशातून, म्हणजे जनुकक्रमांच्या डेटाबेसमधून, उतरवून घ्यावा आणि त्यात हा क्रम डोळ्यांनी शोधावा. डेटाबेसच्या बाहेर, कागदावर केलेल्या अशा एका शोधाने जी समज येते, ती दहा आकृत्या पाहून येत नाही.

परिणामाच्या आकाराविषयीही सुरुवातीलाच योग्य अपेक्षा असावी. हजारो प्रथिने एकाच वेळी मोजणाऱ्या २००८ मधील दोन अभ्यासांत असे आढळले, की एक मायक्रोआरएनए शेकडो प्रथिनांवर परिणाम करतो, पण बहुतेक प्रथिने निम्म्यापर्यंतही खाली येत नाहीत. मायक्रोआरएनएचे काम पंख्याच्या रेग्युलेटरसारखे आहे. तो वेग कमीजास्त करतो, पंखा बंद करत नाही. एकाच मार्गावरील अनेक प्रथिने तो एकाच वेळी थोडी थोडी कमी करतो, आणि म्हणूनच पेशीची अवस्था हलते.

पायरी ३: मिर-१४३ आणि मिर-१४५ ही जोडी सखोल अभ्यासा

नव्या अभ्यासकाने दहा मायक्रोआरएनएंची यादी करण्याऐवजी या एकाच जोडीवर वेळ घालवावा, असे माझे ठाम मत आहे. या विषयातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा आणि प्रत्येक अडचण या जोडीत सापडते.

मानवात ही दोन्ही जनुके पाचव्या गुणसूत्रावर, एकमेकांपासून दोन हजारांहून कमी अक्षरांच्या अंतरावर आहेत आणि एकाच लांब आरएनएतून बाहेर पडतात. त्यांच्या पुढच्या भागात कार्ग बॉक्स आहे, म्हणजे आकुंचनाची जनुके चालू ठेवणारी सीरम रिस्पॉन्स फॅक्टर आणि मायोकार्डिनची जोडगोळीच या मायक्रोआरएनएंनाही चालू ठेवते. मिर-१४५ हा केएलएफ४ आणि केएलएफ५ यांना, तर मिर-१४३ हा ईएलके१ ला दाबतो. म्हणजेच मायोकार्डिन एका बाजूने आकुंचनाची प्रथिने वाढवते आणि दुसऱ्या बाजूने, या जोडीमार्फत, आपल्या विरोधकांना खाली ठेवते. पीडीजीएफ आले की जोडीचे प्रमाण घसरते, विरोधक वर येतात आणि पालटाला सुरुवात होते.

२००९ हे या जोडीच्या अभ्यासाचे वर्ष ठरले. एका गटाने दाखवले, की मायोकार्डिनच्या साहाय्याने संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशींचे स्मूथ मसलमध्ये रूपांतर करताना मिर-१४५ लागतोच. दुसऱ्या गटाने उंदराच्या जातभाईंमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतील रॅटमध्ये, मानेतील कॅरोटिड रोहिणीला फुग्याने इजा केल्यावर मिर-१४५ कमी होतो आणि तो पुन्हा पुरवला तर आतला नवा थर कमी वाढतो, असे पाहिले. त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ही जनुके काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते उंदीर जगले, पण त्यांच्या रोहिण्यांचा मधला थर पातळ होता, रक्तदाब कमी होता आणि पेशींतील अ‍ॅक्टिनचे तंतू विस्कळीत होते.

इथे एक विसंगती समोर येते. मिर-१४५ पुरवल्यावर नवा थर कमी होत असेल, तर तो काढून टाकल्यावर थर वाढायला हवा. या तीनपैकी एका प्रयोगशाळेच्या वयस्क उंदरांत मांडीच्या रोहिणीत असा थर आपोआप तयार झालेला दिसला. दुसऱ्या प्रयोगशाळेत मात्र रोहिणीला इजा केल्यावर या उंदरांत नवा थर उलट कमी तयार झाला, आणि त्याचे कारण त्यांनी असे दिले, की अ‍ॅक्टिनची मांडणीच बिघडल्यामुळे पेशींना सरकता येत नव्हते. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात. जन्मापासून रेणू नसणे आणि प्रौढपणी तो काही दिवस कमी होणे या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. थर आपोआप वाढणे आणि इजेनंतर वाढणे यांतही फरक आहे. हे दोन शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवून पद्धतींचा भाग ओळ न ओळ वाचावा. तेवढे एक काम मन लावून केले, तर पुढच्या वाचनात कोणते प्रश्न विचारायचे ते कळू लागते.

या जोडीचा आणखी एक धडा कर्करोगाच्या अभ्यासातून मिळतो. मोठ्या आतड्याच्या गाठीत मिर-१४३ आणि मिर-१४५ कमी आढळतात, म्हणून ते आतड्याच्या अस्तरपेशींतील गाठरोधक रेणू आहेत असे अनेक वर्षे मानले जात होते. पुढे पेशीनिहाय तपासणीत असे दिसले, की हे रेणू प्रामुख्याने स्मूथ मसल आणि तत्सम पेशींत असतात, अस्तरपेशींत जवळजवळ नसतातच. गाठीच्या तुकड्यात स्नायुपेशींचा वाटा कमी झाला, की हे रेणूही कमी भासतात. रोहिणीचा अख्खा तुकडा वाटून आरएनए काढणाऱ्या प्रत्येकाने ही शक्यता आधी तपासली पाहिजे.

पायरी ४: उलट दिशेचे रेणू पाहा

मिर-२२१ आणि मिर-२२२ ही एक्स गुणसूत्रावरील जोडी पीडीजीएफमुळे वाढते आणि पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी२७ आणि पी५७ या प्रथिनांना कमी करते. परिणामी स्मूथ मसल पेशी विभागतात आणि सरकतात. याच जोडीचा अंतःस्तर पेशींवरचा परिणाम मात्र विरुद्ध आहे. तिथे ती वाढीला आणि स्थलांतराला आवर घालते. एकाच भिंतीत, एकमेकींपासून केसभर अंतरावर असलेल्या दोन पेशींत एकच रेणू दोन विरुद्ध परिणाम घडवतो, कारण त्याच्यासमोर येणारे संदेश दोन्ही पेशींत वेगळे असतात.

मिर-२१ मध्ये हेच एका पेशीच्या दोन अवस्थांबाबत दिसते. २००७ मध्ये रॅटच्या इजा झालेल्या कॅरोटिड रोहिणीत तो वाढलेला आढळला आणि तो दाबल्यावर नवा थर कमी झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले, की टीजीएफ-बीटाच्या संकेताने स्मॅड ही संकेत पोहोचवणारी प्रथिने ड्रोशाला मिर-२१ कापण्यास मदत करतात, आणि हा वाढलेला मिर-२१ पीडीसीडी४ या प्रथिनाला दाबून आकुंचनाच्या जनुकांना बळ देतो. ‘मिर-२१ चांगला की वाईट?’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे.

बाकीच्यांची नुसती तोंडओळख पुरे. मिर-२९ हा कोलॅजेन आणि इलॅस्टिनच्या संदेशांवर काम करतो आणि महारोहिणीच्या फुगवट्याच्या अभ्यासात सतत येतो. मिर-१३३ स्मूथ मसलच्या वाढीला आवर घालतो. मिर-२०४ हा रनएक्स२ या प्रथिनामार्फत भिंतीत कॅल्शियम साचण्याशी जोडलेला आहे. सगळे मायक्रोआरएनए एकदम काढून टाकले तर काय होते, याचेही उत्तर आपल्याकडे आहे. स्मूथ मसल पेशींतून डायसर काढून टाकलेले उंदराचे भ्रूण गर्भावस्थेच्या सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव होऊन दगावतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ असतात.

पायरी ५: पेशी वाढवताना त्यांची अवस्था सांभाळा

प्रयोगाची बाजू येथून सुरू होते, आणि माझ्या अनुभवाने बहुतेक अडचणी याच पायरीवर जन्म घेतात. रोहिणीतून काढलेली स्मूथ मसल पेशी प्लास्टिकच्या बशीत, सीरम घातलेल्या माध्यमात ठेवली, की काही दिवसांतच संश्लेषणशील होऊ लागते. म्हणजे ज्या पालटाचा अभ्यास करायचा आहे, तो नियंत्रण गटात आधीच बराचसा घडून गेलेला असतो. हे पूर्णपणे टाळता येत नाही, पण मर्यादेत ठेवता येते. प्राथमिक पेशी तिसऱ्या ते सातव्या पिढीपर्यंतच (पिढी म्हणजे पेशी एका बशीतून दुसरीत हलवण्याची खेप) वापराव्यात, प्रयोगाच्या सर्व गटांत पिढी एकच ठेवावी आणि प्रत्येक गोठवलेल्या कुपीची एमवायएच११ व कॅल्पोनिनसाठी तपासणी करून तिची नोंद वहीत करावी. पेशी बशीत किती दाट आहेत यावरही त्यांची अवस्था ठरते. म्हणून ‘साधारण भरल्या होत्या’ अशी नोंद न करता पेरलेल्या पेशींची संख्या लिहावी.

ए७आर५ ही रॅटच्या भ्रूणाच्या महारोहिणीपासून बनलेली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वाण, हाताळायला सोपी आहे आणि पद्धती बसवण्यासाठी उत्तम आहे. निष्कर्षासाठी मात्र मानवी प्राथमिक पेशींत तोच प्रयोग पुन्हा करावा. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी सेल लाइनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहाकडे आधी चौकशी करावी. शस्त्रक्रियेत उरलेल्या रोहिणीच्या तुकड्यांतून किंवा नाळेच्या रोहिणीतून पेशी काढायच्या असतील, तर संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती हाती आल्याशिवाय नमुना स्वीकारू नये.

पालट घडवून आणण्यासाठी पेशींना आधी २४ ते ४८ तास अत्यल्प सीरमवर, म्हणजे ०.१ ते ०.५ टक्के सीरमवर ठेवतात, आणि नंतर पीडीजीएफ-बीबी देतात. प्रति मिलिलिटर १० ते २० नॅनोग्रॅम ही मात्रा सर्रास वापरली जाते. उपाशी ठेवलेल्या पेशी आणि पीडीजीएफ दिलेल्या पेशी यांच्यासोबत पूर्ण सीरमवरचा तिसरा गट ठेवला, तर आकडे वाचणे सोपे जाते.

पायरी ६: मोजमाप करताना लहान आरएनए हरवू देऊ नका

आरएनए शुद्ध करण्याचे अनेक सामान्य कॉलम-किट २०० न्यूक्लिओटाइडांहून लहान तुकडे धुऊन टाकण्यासाठीच बनवलेले असतात. मायक्रोआरएनए त्या धुण्यात जातो, आणि नंतर कितीही काळजीपूर्वक पीसीआर (आरएनएच्या डीएनए-प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) केले तरी तो परत येत नाही. लहान आरएनएसाठी असलेले किट घ्यावे आणि त्याच्या पत्रकात सांगितलेले इथेनॉलचे प्रमाण तंतोतंत पाळावे. पीसीआरसाठी स्टेम-लूप प्रायमरची पद्धत विश्वासार्ह आहे. मागणी नोंदवताना ‘मिर-१४५’ एवढेच न लिहिता ‘मिर-१४५-५पी’ असे पूर्ण नाव लिहावे, कारण गाठीच्या दोन्ही बाजूंचे पदर वेगवेगळे रेणू आहेत आणि त्यांचे सीडही वेगळे आहेत.

तुलनेसाठी यू६ हा लहान आरएनए सर्रास वापरतात. पेशी विभागू लागल्यावर तो स्थिर राहतो का, हे आपल्या स्वतःच्या पेशींत तपासून मगच तो वापरावा. शक्यतो दोन किंवा तीन संदर्भ आरएनए घ्यावेत. रक्तद्रवातील मायक्रोआरएनए मोजायचे असतील, तर अडचणी दुपटीने वाढतात. हेपॅरिन घातलेल्या नळीतले रक्त घेऊ नये, कारण हेपॅरिन पीसीआरला अडथळा करते. तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर त्यांतले मिर-४५१ आणि मिर-१६ नमुन्यात उतरतात आणि मोजमापाचा तोल बिघडतो. शुद्धीकरणात किती आरएनए हाती लागला हे कळावे म्हणून सूत्रकृमीचा मिर-३९ ठरावीक मात्रेत आधीच मिसळण्याची पद्धत आहे, ती अवश्य पाळावी.

पायरी ७: प्रमाण दोन्ही दिशांनी बदला

मायक्रोआरएनए वाढवण्यासाठी त्याची कृत्रिम प्रतिकृती, म्हणजे मिमिक, आणि कमी करण्यासाठी त्याला चिकटून बसणारा इन्हिबिटर वापरतात. मिमिकचा मोह आवरावा लागतो. ५० नॅनोमोलर मिमिक दिल्यावर पेशीत त्या रेणूचे प्रमाण शेकडो पटींनी वाढू शकते. एवढ्या गर्दीत आर्गोनॉटवरील इतर मायक्रोआरएनए बाजूला सारले जातात आणि नैसर्गिक स्थितीत कधीही न दाबले जाणारे संदेशही दाबले जातात. कमी मात्रेपासून सुरुवात करून तीन-चार मात्रांचा आलेख काढावा, प्रत्येक मात्रेला तेवढ्याच मात्रेचा निरर्थक क्रमाचा नियंत्रण रेणू द्यावा आणि पेशीत प्रत्यक्ष किती पट वाढ झाली ते लिहावे. इन्हिबिटरने मिळालेला परिणाम लहान असला, तरी मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण तो पेशीतल्या मूळच्या रेणूविषयी काही सांगतो. जो रेणू त्या पेशीत मुळातच नगण्य आहे, त्याचा इन्हिबिटर काहीच करणार नाही. आणि तरीही परिणाम दिसला, तर शंका इन्हिबिटरवरच घ्यावी.

पायरी ८: लक्ष्य सिद्ध करा

टार्गेटस्कॅनसारखे संगणकीय साधन एका मायक्रोआरएनएसाठी शेकडो संभाव्य लक्ष्ये, म्हणजे तो दाबू शकेल असे संदेश, देते. ही यादी म्हणजे अंदाज आहे, पुरावा नव्हे. त्यातले आपल्या आवडीचे एक नाव उचलून त्याचे प्रथिन कमी झाले एवढे दाखवणारे निबंध पुष्कळ आहेत. तुमचा अभ्यास तेवढ्यावर थांबू नये.

पुरावा टप्प्याटप्प्याने उभा राहतो. संदेश आणि प्रथिन दोन्ही मिमिकने कमी आणि इन्हिबिटरने जास्त झाले पाहिजेत. त्यानंतर त्या संदेशाचा शेवटचा भाग ल्युसिफरेज या चमक देणाऱ्या विकराच्या जनुकाला जोडतात. मिमिक दिल्यावर चमक कमी झाली पाहिजे, आणि सीडला पूरक असलेली दोन-तीन अक्षरे बदलल्यावर तीच चमक टिकून राहिली पाहिजे. अक्षरे बदललेली ही जोडी नसेल, तर ल्युसिफरेजच्या प्रयोगाला अर्थ उरत नाही. हा प्रयोग बहुधा एचईके२९३ पेशींत केला जातो, कारण त्यांत डीएनए सहज शिरतो. पण त्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशी आहेत, म्हणून आर्गोनॉट पकडून त्याला चिकटलेले संदेश मोजण्याचा प्रयोग तरी स्मूथ मसल पेशींतच करावा.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक वेळा वगळला जाणारा टप्पा यापुढचा आहे. पेशींची वाढ थांबली ती याच लक्ष्यामुळे, हे कसे कळणार? एक मार्ग असा, की शेवटचा भाग काढून टाकलेले, म्हणजे मायक्रोआरएनएला न जुमानणारे लक्ष्यजनुक पेशीत घालावे आणि मिमिकचा परिणाम पुसला जातो का ते पाहावे. दुसरा अधिक नेमका मार्ग म्हणजे संदेशावरील ती एकच जागा झाकणारा रेणू वापरावा. त्यामुळे मायक्रोआरएनएचे बाकीचे सर्व काम चालू राहते आणि फक्त त्या एका लक्ष्याची सुटका होते. असे करूनही परिणाम अर्धाच पुसला गेला, तर निराश होऊ नये. एक रेणू अनेक लक्ष्यांवर काम करतो, हे आपण दुसऱ्या पायरीवरच पाहिले आहे.

पायरी ९: वर्तन मोजताना एक गोष्ट दुसरीत मिसळू देऊ नका

पेशीविभाजनासाठी नव्या डीएनएत शिरणाऱ्या ईडीयू किंवा बीआरडीयू या खूण-रेणूंचा समावेश मोजावा. चयापचयावर रंग बदलणाऱ्या चाचण्या पेशींची संख्या थेट सांगत नाहीत. सरकण्यासाठी पेशींच्या थरावर ओरखडा ओढून तो किती तासांत भरतो हे पाहतात, पण ओरखडा विभाजनानेही भरतो. म्हणून मायटोमायसिन-सी देऊन विभाजन थांबवावे, नाहीतर छिद्रित पडद्याच्या कक्षात वेगळी चाचणी करावी. आकुंचनाची क्षमता पाहण्यासाठी पेशी कोलॅजेनच्या जेलमध्ये रुजवतात आणि जेल किती आक्रसते ते मोजतात. आकुंचनाची जनुके वाढली आणि जेल मात्र आक्रसले नाही, असे घडू शकते, आणि ते जसे घडले तसेच लिहावे.

पायरी १०: प्राण्यांवरील प्रयोगाकडे केव्हा वळायचे

पेशींतील लक्ष्य सिद्ध झाल्यावरच. भारतात यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता लागते आणि प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीएसईए या केंद्रीय समितीचे नियम लागू होतात. अर्जात प्राण्यांची संख्या संख्याशास्त्रीय हिशेबाने पटवून द्यावी लागते, म्हणून तो हिशेब सुरुवातीलाच करावा. रॅटच्या कॅरोटिड रोहिणीत छोटा फुगा फिरवून इजा करण्याचे प्रारूप जुने आणि भरवशाचे आहे. नवा थर साधारणतः १४ दिवसांनी मोजतात. त्यात अंतःस्तर पेशी खरवडल्या जातात. उंदराची कॅरोटिड बांधून टाकण्याच्या प्रारूपात त्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात. तेव्हा कोणते प्रारूप निवडले, यावर अंतःस्तराचा सहभाग ठरतो आणि मायक्रोआरएनएचा परिणामही बदलू शकतो.

पेशींचा माग काढायचा असेल तर केवळ स्मूथ मसल पेशींत क्रे हे डीएनए कापणारे विकर बनवणारे एमवायएच११-क्रे उंदीर वापरतात. या उंदरांच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या वाणात क्रेचे जनुक वाय गुणसूत्रावर बसलेले आहे, त्यामुळे प्रयोग फक्त नरांवर करता येतो. रोहिणीकाठिण्यात नर-मादी फरक मोठा असल्याने जुने निबंध वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

पायरी ११: उपचाराचे दावे कसे वाचावेत

मायक्रोआरएनएवर आधारित उपचाराचा निबंध हाती आला, की पहिला प्रश्न एवढाच असावा: औषध अंतःस्तर पेशींचे काय करते? स्टेंटवर लावलेली विभाजनरोधक औषधे स्मूथ मसलची वाढ थांबवतात, पण अंतःस्तर पुन्हा तयार होण्यातही अडथळा आणतात, आणि उघड्या राहिलेल्या धातूवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक रचना या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. पी२७ हे विभाजनरोधक प्रथिन बनवणारे जनुक एका विषाणूवाहकात घालण्यात आले आणि त्याच्या शेवटच्या भागाला मिर-१२६ च्या लक्ष्यजागा जोडण्यात आल्या. मिर-१२६ अंतःस्तर पेशींत विपुल असतो आणि स्मूथ मसल पेशींत अत्यल्प. परिणामी वाहक दोन्ही पेशींत शिरला, तरी अंतःस्तर पेशींनी पी२७ चा संदेश स्वतःच्याच मायक्रोआरएनएने दाबून टाकला आणि फक्त स्मूथ मसलची वाढ थांबली. फुग्याने इजा केलेल्या रॅटच्या रोहिणीत नवा थर कमी झाला आणि दोन आठवड्यांत अंतःस्तर पुन्हा तयार झाला. असा निबंध वाचताना तीन आकृत्या आधी उघडाव्यात: दोन्ही पेशींतील मिर-१२६ चे प्रत्यक्ष मोजमाप, लक्ष्यजागा नसलेल्या वाहकाचा नियंत्रण गट आणि अंतःस्तर किती झाकला गेला याचे मोजमाप. यांतली एखादी आकृती नसेल, तर निबंधाच्या निष्कर्षाकडे वळण्याआधी तिच्या अनुपस्थितीचे कारण पद्धतींच्या भागात शोधावे.